ड्रायव्हरशेजारची जागा

सत्यशीलाबाईंना युरोपला जायची भीती वाटते, हे पाटोद्यात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणे विमानाची, कुणी म्हणे थंडीची, आणि शेजारच्या भिवराबाईंच्या मते तिकडं संडासात पाणी नसतं त्याची. सत्यशीलाबाई कुणालाच नाही म्हणत नव्हत्या. इतक्या सोप्या भीत्या लोक आयत्या घरी आणून देत होते, तर घेतलेल्या बऱ्या. त्यांची खरी भीती सांगण्यासारखी नव्हती. ती त्यांच्यासमोरच बसून चहात बिस्कीट बुडवत होती, आणि तिचं नाव घ्यायची त्यांच्या घरातल्या बायकांत पद्धत नव्हती.

नाव विजयसिंह. बाजारातल्या कृषी सेवा केंद्राचे मालक. खत, बियाणं, फवारणीची औषधं, आणि ज्याला यातलं काही नको त्याला सल्ला. पंचायत समितीला एकदा उभे राहून पडले, तेव्हापासून सगळा तालुका त्यांना भाऊ म्हणायला लागला. माणूस मोकळा, उमदा. गर्व म्हणाल तर एकाच गोष्टीचा, की आजवर गाडीला ड्रायव्हर ठेवला नाही. "भाऊ पाटोद्यात स्टार्टर मारतात ते नाशकातच चहा पितात," असं लोक सांगायचे, आणि भाऊ खाली बघून नवरदेवासारखे हसायचे.

हे नाशिक कसं गाठलं जायचं, ते फक्त बाईंना ठाऊक. भाऊ गाडी चालवता चालवता झोपायचे.

रात्रीचं एकवेळ समजू शकतो. भाऊंचं दिवसाढवळ्या चालायचं, पोट भरलेलं असलं की हटकून. डोळे पुरते मिटायचेही नाहीत. अर्धे उघडे राहायचे, आणि आतला माणूस मात्र उठून गेलेला असायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा लेक योगिता लहान होती. कडा गावाच्या अलीकडं गाडी रस्ता सोडून सरळ ज्वारीच्या रानात शिरली. कणसं काचेवर वाजायला लागली तेव्हा भाऊंना जाग आली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. भाऊ खाली उतरले, टायरला लाथ मारून बघितली आणि म्हणाले, "जनावर आडवं आलतं."

नजर जाईल तिथवर रस्त्यावर एक शेळीही नव्हती. बाईंनी भाऊंच्या चेहऱ्याकडं बघितलं. तो इतका पांढरा पडला होता की त्यांनी पोरीला पोटाशी धरत म्हटलं, "हो. मोठं होतं."

तेव्हापासून नवरा-बायकोत एक करार झाला, जो दोघांनी कधी उच्चारला नाही. गाडी भाऊ चालवणार, आणि भाऊंना बाई चालवणार.

बाईंनी त्याचं पुरतं शास्त्र बसवलं होतं. गाडी चालवताना भाऊंचा डावा अंगठा स्टिअरिंगवर सारखा टकटक करत असतो. अंगठा थांबला की समजायचं, गेले. बडीशेप देऊन बघितली, सुपारी देऊन बघितली, पाण्याचा हबका मारून बघितला. उपयोग एकाच गोष्टीचा झाला, आणि ती म्हणजे सोमेश्वर. पंचायत समितीला भाऊंना पाडणारा तो हा. अंगठा थांबला की बाई खिडकीबाहेर बघत, सहज आठवल्यासारखं विचारायच्या, "ओ, निकालाच्या दिवशी तो सोमेश्वर आपल्या दारापुढून हलगी वाजवत गेलता, ते मुद्दाम का रस्ताच तसा होता?"

झालं. भाऊ ताडकन जागे. जामखेडापासून थेट नगरपर्यंत सोमेश्वरच्या सगळ्या खानदानाचा उद्धार चालायचा आणि गाडी आपल्या बाजूनं सरळ धावायची. बाई मनातल्या मनात सोमेश्वरला आयुष्य मागायच्या.

मग घरावर संकट आलं. दोघांची दिलजमाई झाली.

सोसायटीच्या निवडणुकीत एकच पॅनल करा, असा वरून निरोप आला. भाऊ आणि सोमेश्वर एकमेकांच्या गळ्यात पडले, एका ताटात जेवले. वाढताना बाईंच्या हातातली तुपाची वाटी थरथरत होती, ती आनंदानं, असा सोमेश्वरनं अर्थ काढला. पुढच्याच आठवड्यात बीडला जाताना अंगठा थांबला. बाईंनी घाईघाईनं नाव घेतलं. भाऊ अर्ध्या झोपेत गोड हसले आणि म्हणाले, "लई दिलदार माणूस."

त्या दिवशी बाईंनी भाऊंच्या मांडीला चिमटा काढला, तेव्हा बीड आलं. पण चिमटा काढायला शेजारी तर बसायला पाहिजे. सगळी गोष्ट त्या जागेचीच आहे.

योगिता लग्नानंतर नवऱ्यासोबत जर्मनीत, स्टुटगार्टला गेली. तिनं आईबापाला बोलावलं. भाऊंनी ही बातमी सोमेश्वरला सांगितली, आणि सोमेश्वर म्हणाला, "जोडीनंच कावून जाता? आमी काय पाप केलंय?" मग सोमेश्वर आणि त्याची बायको प्रियदर्शनी. मग इंग्रजी बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून भूगोलाचे रिटायर्ड आसाराम गुरुजी, आणि गुरुजी एकटे गेले तर खातील काय म्हणून त्यांच्या छबुबाई. सहा जण झाले. योगिता फोनवर समजावून दमली. "पप्पा, इथं ट्रेन मस्त आहेत. वेळेवर येतात. सगळीकडं जातात."

आता, ज्या जिल्ह्यानं रेल्वेची वाट बघण्यात आज्यापासून नातवापर्यंतचा काळ घालवला, तिथला माणूस ट्रेन वेळेवर येते यावर विश्वास ठेवील कसा? भाऊंनी तिला विचारलं, "अन् न्हाई आली तर? परक्या मुलखात सामान घेऊन बसू का स्टेशनवर?" गाडी ती आपली गाडी, यावर सगळ्यांचं एकमत झालं. भाड्यानं घ्यायची. चालवणार कोण, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

पहिली बैठक दुकानामागच्या गोडाऊनमध्ये भरली. युरियाच्या पोत्यांवर गुरुजींनी नकाशा पसरला. कोपरे उडू नयेत म्हणून त्यावर औषधाच्या बाटल्या ठेवल्या. एक फ्रान्सवर, एक पोलंडवर.

"स्टुटगार्टहून निघायचं," गुरुजी पट्टी फिरवत म्हणाले. "मग स्वित्झर्लंड. तिथं डोंगराच्या पोटातून बोगदा हाय, सोळा-सतरा किलोमीटरचा. एका तोंडानं आत शिरलं की दुसऱ्या तोंडानं इटलीच्या बाजूला. मग मिलान, व्हेनिस, अन् परत येताना ऑस्ट्रिया. तिकडं गाडी उजव्या बाजूनं चालवायची, हे ध्यानात ठेवा."

"सगळेच उजव्या बाजूनं?" सोमेश्वरनं विचारलं.

"सगळे."

"मग अवघड काय हाय? आपल्याकडं अर्धे डावीकडून येतात अन् अर्धे उजवीकडून. त्यातून भाऊ गाडी काढतात. तिकडं तर भाऊंना आराम हाय."

आराम हा शब्द ऐकून चहाचा ट्रे घेऊन आलेल्या बाई दारातच अडल्या. बोगद्यात सोळा-सतरा किलोमीटर एकसारखा रस्ता, एकसारखे दिवे. खड्डा नाही, गतिरोधक नाही, आडवं येणारं कुत्रं नाही. पाटोदा तालुक्याच्या रस्त्यांनी आजवर भाऊंना जागं ठेवण्यात केवढा हातभार लावला होता, ते त्यांना त्या क्षणी उमगलं.

गुरुजी जागा ठरवत होते. "भाऊंच्या शेजारी मी, नकाशा सांगायला. मधे सोमेश्वर अन् दोघी. वहिनी मागं, बॅगांपाशी."

"मी पुढं बसते," बाई म्हणाल्या.

सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. सोमेश्वर म्हणाला, "वहिनी, नकाशा वाचता येतो का तुमाला?" आणि भाऊ जरा दटावून म्हणाले, "पाव्हणी माणसं मागं अन् घरची मालकीण पुढं? शोभतं का ते?"

नाही शोभत. आपल्याकडं मालकीण शेवटी जेवते, शेवटी झोपते आणि गाडीत शेवटच्या सीटवर बसते. बाईंनी कप गोळा केले.

प्रॅक्टिस म्हणून एका रविवारी सोमेश्वरच्या सात सीटच्या गाडीतून सगळे लिंबागणेशला गेले. गणपतीला नारळ फोडायचा आणि युरोपात बसायचं तसंच बसायचं, असा दुहेरी कार्यक्रम. जाताना काही झालं नाही. दर्शन झालं. एका ओळखीच्याच्या मळ्यात चिंचेखाली धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि वर छबुबाईंनी आणलेला दहीभात. भाऊंनी दहीभात दोनदा घेतला. बाईंनी तो पोटात जाताना बघितला, एकेक घास.

परतीला ऊन तापलं होतं. काचा बंद, एसी चालू. शेवटच्या सीटवरून बाईंना भाऊंचा अंगठा दिसत नव्हता. पुढं तीन डोकी, मधे एक उशी, आणि त्या सगळ्याच्या पलीकडं आरशात भाऊंच्या डोळ्यांची एक पट्टी. बाईंनी त्या पट्टीवर नजर लावली. गुरुजी मोबाईल हातात धरून सांगत होते, "आता आपण सरळ जात आहोत. आता थोडं पुढं गेल्यावर पण सरळच." गुरुजींनी ज्या आवाजात तीस वर्षं भूगोल शिकवला तोच हा आवाज. या आवाजानं तालुक्यातल्या कितीतरी पिढ्या मागच्या बाकावर झोपवल्या होत्या.

आरशातली पट्टी बारीक झाली.

"ओ," बाई म्हणाल्या. आवाज मधल्या सीटच्या गप्पांत बुडाला. प्रियदर्शनी छबुबाईंना स्वेटर कुठला घ्यावा ते सांगत होती. "ओ, ऐकता का," बाई जरा मोठ्यानं म्हणाल्या. सोमेश्वर मागं वळून हसला. "काय वहिनी, भूक लागली का परत?"

त्याच्या खांद्यावरून त्यांना पुढची काच दिसली. काचेत उसाची ट्रॉली होती, मागं अजून एक जोडलेली, तिच्या बाजूनं ऊस बाहेर लोंबत होता. ती मोठी होत होती. गाडी तिच्या मागं जाण्याऐवजी हळूच उजवीकडं, समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला सरकत होती, शांतपणे, जणू युरोप आलाच आहे. पट्टी आता नव्हतीच. नुसत्या पापण्या.

बाईंना ओरडता आलं असतं. 'झोपले, झोपले' असं ओरडलं असतं तर सगळं एका दमात संपलं असतं. पण इतक्या वर्षांची सवय आडवी आली, आणि त्या ओरडल्या ते असं: "गाडी थांबवा, मला उलटी होतीय."

भाऊ दचकले. ब्रेक लागला, गाडी डावीकडं हिसडली, छबुबाईंचा डबा घरंगळत पुढं गेला. ट्रॉलीवाला काहीतरी बोलला, ते काचेतून ऐकू आलं नाही हे बरं झालं. बाई उतरून रस्त्याच्या कडेला खाली बसल्या. ते नाटक कुणाला वाटलं नाही. प्रियदर्शनीनं पाठीवर हात फिरवला, छबुबाईंनी लिंबू हुंगायला दिलं.

"वहिनींना गाडी लागती," सोमेश्वरनं निदान केलं. "मग असं करू. तिकडं वहिनी योगितापाशीच राहतील. लेकीकडं माहेरपण. आमी पाच जण फिरून येतो. काय भाऊ?"

सगळ्यांना ते मायेचं वाटलं, आणि सोमेश्वरनं मायेनंच म्हटलं होतं. सगळ्यांत आधी मान हलवली भाऊंनी. बाईंनी ती मान बघितली. तीत त्यांना सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. शेजारी बसून डोळ्यांत बघणारं माणूस आता नसणार. त्या उलटीनं बाईंनी स्वतःचीच जागा घालवली होती.

घरी आल्यावर भाऊ पाणी पीत असताना त्या म्हणाल्या, "तुमचा डोळा लागलता."

"काही न्हाई. आडवं..."

"ट्रॉली होती. उसाची. ती जनावर न्हाई."

भाऊंनी तांब्या खाली ठेवला. एवढ्या वर्षांत ही गोष्ट पहिल्यांदा घरात उघडी पडली, आणि दोघंही तिच्याकडं बघायला तयार नव्हते. भाऊ भिंतीवरच्या कंपनीच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, "सोमेश्वरला सांगशील का?"

"डॉक्टरला दाखवू आधी."

"मला काय झालंय डॉक्टरला दाखवायला? अगं, त्याला कळलं तर काय राहील माझं? आज एका पॅनलमधी हाय, उद्या न्हाई. स्टिअरिंगवर झोपणाऱ्याच्या हातात तालुका देतंय का कुणी?"

"मला तालुक्याचं कळत न्हाई. पाच माणसं हायेत."

"तिकडं न्हाई लागणार झोप. नवा मुलूख. बघायला लागंल का झोपायला?" आणि मग हलक्या आवाजात, जे बाईंना जास्त लागलं, "तू आजवर सांभाळलंस. आता कावून उघडं पाडतीस?"

त्यानंतर बाईंचं कशात लक्ष लागेना. भाकरी थापताना तवा तापून काळा व्हायचा. बोगदा त्यांनी बघितलेला नव्हता, पण तो त्यांना सारखा दिसायचा. पिवळे दिवे मागं जाताहेत, गुरुजी "सरळच" म्हणताहेत, मधल्या सीटवर छबुबाई लाडवाचा डबा उघडताहेत. आणि कुठंतरी स्टुटगार्टात आपण पोरीच्या स्वयंपाकघरात बसलोय आणि फोन वाजतोय. फोनवरचा माणूस जर्मनमध्ये बोलतोय, आणि योगिता ऐकता ऐकता आपल्याकडं बघतीय. इथवर आलं की बाई हातातलं काम टाकून ओसरीवर येऊन बसायच्या. उघडं पाडलं तर भाऊ मेल्याहून मेल्यासारखे होणार. नाही पाडलं तर पाच माणसं. दोन्हीकडून भीतीच होती, आणि रोज वजन करून बघितलं तरी काटा मधेच थरथरत राहायचा.

शेवटची बैठक गाडीचं बुकिंग करायला. योगिता व्हिडिओ कॉलवर होती, फोन पोत्याला टेकवून उभा केलेला. "गाडी मिळतीय," ती म्हणाली. "ड्रायव्हर म्हणून पप्पांचं नाव टाकू ना?"

"टाक," भाऊ म्हणाले.

"टाकू नको," बाई दारातून म्हणाल्या.

त्यांनी ट्रे खताच्या पोत्यावर ठेवला. सगळ्यांचे चेहरे त्यांच्याकडं वळले. भाऊंचा चेहरा असा झाला, जसा ज्वारीच्या रानात झाला होता.

"तुझे पप्पा गाडी चालवताना झोपतात," बाई फोनकडं बघत म्हणाल्या, कारण माणसांकडं बघून ते बोलता आलं नसतं. "पहिल्यापासून. मी शेजारी असते म्हणून आजवर निभावलं. लिंबागणेशहून येताना पण झोपले होते. मला उलटी-बिलटी काही झाली न्हवती."

सोमेश्वर हसायला लागला. कुणी साथ देईना म्हणून त्यानं हसू अर्ध्यात सोडलं. गुरुजी नकाशाची घडी घालायला लागले, ती बसेना. छबुबाई तेवढ्या हळूच म्हणाल्या, "तरी मी म्हणते, ट्रॉली अन् वहिनींची उलटी एकाच टायमाला कशी आली."

भाऊ उठले. "गिऱ्हाईक आलंय," म्हणाले आणि पुढं दुकानात गेले. दुकानात कुणी नव्हतं. ते गल्ल्यावर बसून रस्त्याकडं बघत राहिले.

"वहिनी," सोमेश्वर छातीवर हात ठेवून म्हणाला, "ही गोष्ट या गोडाऊनबाहेर जाणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या हॉटेलात कुणीतरी विचारलं, "काय भाऊ, झोप झाली का?" आणि सगळं हॉटेल खाली बघून चहा प्यायला लागलं. कुणी फोडलं ते कळलं नाही. कळून उपयोगही नव्हता. बाईंना ज्याची भीती वाटत होती ते असं, चहाबरोबर, सहज होऊन गेलं.

भाऊंनी हॉटेलात जाणं सोडलं. गाडीवर कव्हर चढवलं. बाईंशी बोलणं बंद झालं. बोलायचंच झालं तर भिंतीशी बोलायचे. "चहा मिळंल का?" "मीठ कमी हाय." बाई भिंतीच्या वतीनं चहा द्यायच्या. डॉक्टरचं नाव त्यांनी अजून दोनदा काढलं. भिंतीनं ऐकून घेतलं, भाऊंनी नाही.

गाडी चालवणार कोण, हा प्रश्न मात्र आता उभा राहिला. सोमेश्वरला ड्रायव्हरची सवय, त्याला गाडीचं दार उघडण्यापलीकडं काही येत नव्हतं. गुरुजी सायकलवाले. शेवटी योगितानंच फोनवरून विचारलं, "प्रियदर्शनीकाकू रोज कॉलेजला बीडला कशा जातात?"

रोज पाटोदा ते बीड आणि परत, कॉलेजच्या नोकरीला स्वतः गाडी चालवत जाणारी बाई त्याच गोडाऊनमध्ये इतक्या बैठकांना बसली होती आणि तिचं नाव कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्यासुद्धा.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला सगळ्यांना पुण्याला जायचं होतं. भाऊ येतील की नाही, शेवटपर्यंत कळेना. सोमेश्वरची गाडी दारात उभी राहिली, प्रियदर्शनी स्टिअरिंगवर, गुरुजी शेजारी. समोरच्या दुकानातले चार जण काही काम नसताना बाहेर आले. भाऊ इस्त्रीच्या शर्टात घरातून निघाले, गाडीच्या उजव्या बाजूला गेले आणि दाराला हात घातला. आत प्रियदर्शनी होती. भाऊ तिथंच थांबले. प्रियदर्शनीनं काच खाली केली नाही, नुसती समोर बघत राहिली. मग भाऊंनी हात काढला, गाडीला वळसा घातला आणि मागं, बॅगांपाशी, बाईंच्या शेजारी येऊन बसले. त्यांचे गुडघे छातीला टेकत होते.

गाव मागं पडलं तेव्हा ते पुढच्या सीटच्या पाठीकडं बघत म्हणाले, "स्वित्झर्लंडात थोडी तरी मी चालवणार."

"न्हाई," बाई म्हणाल्या.

"सरळ रस्ता असंल तर."

"सरळ रस्त्यावर तर न्हाईच."

"डॉक्टरनं चालवा म्हटलं तर?"

"आधी दाखवा. मग बघू."

भाऊंनी गुडघे बॅगेवरून जरा बाजूला सरकवले. मग म्हणाले, "लई बोलाया लागलीस." इतक्या दिवसांत भिंतीऐवजी बाईंना उद्देशून आलेलं ते पहिलं वाक्य.

जामखेड यायच्या आत भाऊंचं डोकं बाईंच्या खांद्यावर पडलं आणि घोरणं सुरू झालं, मोकळं, घरच्यासारखं. सोमेश्वरनं मागं वळून बघितलं. त्याच्या तोंडावर काहीतरी मजेचं आलं होतं, ते बोलणार तेवढ्यात बाईंनी त्याच्याकडं बघितलं. तो पुढं वळला आणि गुरुजींना ऑस्ट्रियाची राजधानी विचारायला लागला.

बाईंचा खांदा अवघडून गेला होता, पण त्या हलल्या नाहीत. प्रियदर्शनीचे डोळे आरशात नीट दिसावेत म्हणून त्यांनी फक्त मान थोडी उंच केली, आणि पुणे येईपर्यंत ती खाली आणली नाही.